आवाजाची बैठक

आमच्या घरात एक कॅसेट आहे. साठ मिनिटांची. १९८४ च्या कार्तिकात आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरात झालेले भजन तिच्यात आहे. मावसभाऊ आखातातून आला होता आणि येताना टू-इन-वन घेऊन आला होता. तो त्याने पखवाजापासून चार हातांवर एका पाटावर ठेवला आणि लाल बटण व त्याच्या शेजारचे प्लेचे बटण एकदम दाबण्याचे काम माझ्यावर सोपवले. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो.

माझे वडील त्या भजनी मंडळात टाळकरी होते. सगळ्यात मागे, दाराशी बसत. आवाज खणखणीत होता, म्हणूनच बुवा त्यांना म्हणत, "आबा, तुम्ही दारापाशीच बसा. तिथून येता तेवढेच बरे." लोक हसत, वडीलही हसत. मला मात्र ते लागे. आपल्या बापाला मंडळाने चपलांच्या ढिगाशेजारी बसवले आहे, एवढेच मला दिसे. ही सल मी पुढे कितीतरी वर्षे बाळगली.

वडील गेल्यानंतर ती कॅसेट आम्ही शहरातल्या एका स्टुडिओत 'साफ करायला' दिली. आठवड्याने सीडी मिळाली. खरखर गेली होती. बुवांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता, पखवाज तर समोर येऊन बसला होता. वडील मात्र कुठेच नव्हते. मूळ कॅसेटमध्ये ध्रुपद उचलले जाताना मागून, दारातून यावा तसा त्यांचा आवाज येई. तो पुसला गेला होता. स्टुडिओतल्या मुलाला विचारले तर तो प्रामाणिकपणे म्हणाला, "काका, मागे खूप गोंधळ होता. तो कमी केला."

गोंधळ कोणता आणि गाणे कोणते, हे कोण ठरवतो? कशावरून ठरवतो? माझा पेशा रेडिओ-दुरुस्तीचा, शिक्षण बारावीपर्यंतचे. पण त्या सीडीने मला जुन्या तबकड्यांच्या, यंत्रांच्या माहितीपुस्तिकांच्या आणि रेकॉर्डिस्ट मंडळींच्या आठवणींच्या मागे लावले. त्यातून हाती लागलेली ध्वनिमिश्रणाची, म्हणजे आज ज्याला आपण सरळ 'मिक्सिंग' म्हणतो त्याची, ही गोष्ट आहे.

कर्ण्यासमोर

मिक्सिंग म्हटले की शेकडो बटणांचा लांबलचक फलक डोळ्यांसमोर येतो. पण ही कला त्या फलकाहून बरीच जुनी आहे. फ्रेड गायसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक १९०२ च्या अखेरीस कोलकात्यात आला आणि नोव्हेंबरमध्ये त्याने गौहरजानचे गाणे मेणाच्या तबकडीवर उतरवले, तेव्हा त्याच्याजवळ माइक नव्हता, अँम्प्लिफायर नव्हता. होता तो एक कर्णा. गाणाऱ्याच्या आवाजाचा जोर कर्ण्याच्या तोंडातून आत जाई, टोकाला बसवलेला पातळ पडदा हलवी, पडद्याला जोडलेली सुई मेणात चर कोरी. सगळी ताकद गळ्याची. यंत्राला स्वतःची ताकद शून्य.

मग तबल्याने गाणे झाकू नये म्हणून काय करायचे? तबला मागे न्यायचा. एवढा एकच उपाय. कर्ण्यापासूनचे अंतर हेच त्या काळातले एकमेव बटण. गायिकेने तान वर नेली की मान मागे घ्यायची, खालच्या स्वरांवर पुन्हा तोंड कर्ण्याजवळ आणायचे. परदेशातल्या स्टुडिओंत तर गाणाऱ्याला ऐन वेळी मागे ओढायला आणि पुढे ढकलायला माणूस उभा असे. व्हायोलिनचा नाजूक आवाज कर्ण्यापर्यंत पोचेना, तेव्हा लाकडी पोटाच्या जागी धातूचा कर्णा बसवलेले 'स्ट्रो' व्हायोलिन वापरात आले. डबल बासचा खर्ज उमटेना, म्हणून त्याच्या जागी ट्यूबा फुंकला जाई. म्हणजे मिश्रणासाठी वाद्येच बदलली गेली. माझ्याकडच्या त्या काळातल्या तबकड्यांत तबल्याची चाट टिकटिकते, डग्गा मात्र जवळजवळ नाहीच. वाजवणाऱ्याने तो वाजवला असणारच. यंत्राला तो ऐकू आला नाही.

१९२५ मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि पहिल्यांदा हळू आवाज मोठा करता येऊ लागला. कर्ण्याच्या काळात साधारण दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही टिपले जात नसे. ती मर्यादा आता पाच हजारांपर्यंत आणि त्याही पुढे सरकली. पण या बदलाचा खरा अर्थ आकड्यांत नाही. पुटपुटणारा माणूस आता चाळीस वादकांच्या पुढे उभा राहू शकत होता. प्रत्यक्ष खोलीत असे होणे अशक्य. मिक्सिंगने सांगितलेले हे पहिले खोटे, आणि ते इतके गोड की जगाला ते लगेच खरे वाटू लागले. अमेरिकेत बिंग क्रॉस्बीसारख्या गायकांनी या खोट्यावर नवी गायकी उभी केली. आपल्याकडे नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गळ्याच्या जोरावर पोचणाऱ्या गायकनटांच्या पाठोपाठ भावगीत आले, शेजारी बसून सांगावे तसे गायले जाणारे. मला वाटते, कवितेइतकाच त्यात माइकचाही वाटा आहे.

एक माइक, पन्नास माणसे

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' झळकला. त्याचे चित्र आणि आवाज एकाच वेळी एकाच फिल्मवर उतरत होते. नट गात असताना साथीदार चौकटीबाहेर, पडद्याआड किंवा झाडामागे लपलेले असत. १९३२ चा प्रभातचा 'अयोध्येचा राजा'ही त्याच जमान्यातला, गाणे आणि अभिनय एकत्रच. १९३५ मध्ये कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने 'धूप छाँव'मध्ये गाणे आधी मुद्रित करून मग त्यावर ओठ हलवण्याची पद्धत आणली. पार्श्वगायनाचा इतिहास आपण इथून सांगतो, तो गायकांचा इतिहास म्हणून. पण त्या दिवशी गाण्याला स्वतःची खोलीही मिळाली. माइक कॅमेऱ्याच्या तावडीतून सुटला आणि कोणी कुठे बसायचे हे आता फक्त कानाने ठरणार होते.

पुढची चाळीसेक वर्षे मुंबईत गाणी याच रीतीने झाली. ताडदेवचा फेमस, तिथलेच फिल्म सेंटर, वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ अशा ठिकाणी पन्नास-साठ वादक आणि गायक एकाच वेळी, एकाच खोलीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणे वाजवीत. माइक पुढे एकाचे चार-सहा झाले, पण ते सगळे मिक्सरवर येऊन त्याच क्षणी एका ट्रॅकमध्ये मिसळत. एकदा मिसळले की मिसळले. दुधात साखर विरघळल्यावर ती वेगळी कोण काढणार? शेवटच्या कडव्यात एका व्हायोलिनवाल्याचा गज घसरला तर गाणे पुन्हा पहिल्यापासून.

त्यामुळे मिक्सिंगचे बहुतेक काम रेकॉर्डिंगच्या आधी होई. ढोलक कोपऱ्यात, व्हायोलिनची फळी माइकपासून लांब, बासरीवाला जवळ, पण तोंड जरा तिरके करून. यामागे साधे गणित आहे. माइकपासूनचे अंतर दुप्पट केले की थेट येणाऱ्या आवाजाचा दाब निम्मा होतो, ध्वनिशास्त्राच्या भाषेत सहा डेसिबलने उतरतो. दोन फुटांवरचा माणूस चार फुटांवर गेला की एवढा फरक पडतो. वीस फुटांवरचा आणखी दोन फूट सरकला तर मात्र जवळजवळ काहीच नाही. म्हणून माइकजवळच्या माणसाला वीतभर हलवणे हीसुद्धा मोठी गोष्ट आणि मागच्या रांगेला हवे तसे बसू दिले तरी चालते. जुने रेकॉर्डिस्ट काचेमागून उठून पुन्हा पुन्हा हॉलमध्ये येत आणि खुर्च्या सरकवीत, ते उगाच नव्हे.

दुसरे अर्धे मिक्सिंग कागदावर होई, अरेंजरच्या हातून. यात गोव्याच्या माणसांचे ऋण फार मोठे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्याकडचे सेबॅस्टियन डिसूझा ही त्यातली ठळक नावे. गायिका ज्या पट्टीत गाते आहे त्या पट्टीत व्हायोलिनने गर्दी करायची नाही. ओळ संपून श्वास घेतला जातो तिथे फळीने भरून काढायचे. शब्द आला की खाली वाकायचे. आजचा मिक्सिंग इंजिनिअर दोन आवाजांची टक्कर टाळायला बटणे फिरवतो. या मंडळींनी टक्कर होऊच दिली नाही.

एक मुद्दा मात्र सहसा कोणी लक्षात घेत नाही. गाणे कुठे ऐकले जाणार, त्यावर मिश्रण ठरते. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. १९५७ मध्ये विविध भारती आली. गाणे आता थिएटरच्या पडद्यामागच्या मोठ्या भोंग्यातून जेवढे ऐकले जाई, त्याहून जास्त इराण्याच्या हॉटेलातल्या आणि चाळीतल्या रेडिओच्या लहानशा स्पीकरमधून. त्या स्पीकरला ना खर्ज झेपे, ना फार वरचा चुरचुरीतपणा. झेपे तो मधला पट्टा, म्हणजे माणसाच्या आवाजाचा. त्या काळातल्या गाण्यांत गळा एवढा पुढे आणि बाकी सारे त्याच्या पायाशी, याला सौंदर्यदृष्टी कारण आहेच. पण मी जन्मभर जे रेडिओ उघडले त्यांतला बशीएवढा स्पीकरही त्याला कारण आहे.

चालत येणारा आवाज

आवाज मोठा किंवा लहान करणे वेगळे आणि तो जवळ किंवा लांब नेणे वेगळे. बहुतेक नवशिके इथेच चुकतात. मीही चुकलो.

'महल' (१९४९) मधले 'आयेगा आनेवाला' सगळ्यांच्या कानांत आहे. सुरुवातीचा तो आवाज दुरून येतो आणि हळूहळू जवळ होतो. लताबाईंनी स्वतः सांगून ठेवले आहे की माइक खोलीच्या मध्यभागी होता आणि त्या खोलीच्या कोपऱ्यातून गात गात एकेक पाऊल टाकीत माइकपाशी आल्या. खेमचंद प्रकाशांना हवा होता तो परिणाम दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळणार नव्हता.

आता या चालण्यात काय काय झाले ते पाहा. एक, लांब असताना आवाज लहान होता, तो वाढत गेला. दोन, लांब असताना माइकला गळ्यापेक्षा भिंतींवरून परतलेला आवाज जास्त मिळत होता, म्हणजे घुमारा जास्त होता. जवळ येताना तो विरत गेला. तीन, लांबून शब्दांच्या कडा बोथट होतात, 'स' आणि 'श' यांची धार कमी होते. जवळ येताना ती धार परत आली. तीन बदल एकाच वेळी, एकमेकांच्या प्रमाणात झाले आणि ते पावलांनी घडवले. आज संगणकावर कुणाला मागे बसवायचे असेल तर तीन वेगवेगळी बटणे फिरवावी लागतात: पातळी उतरवा, वरचे स्वरकंप छाटा, घुमारा वाढवा. नुसती पातळी उतरवली तर माणूस लांब जात नाही, जागच्या जागी कुजबुजू लागतो.

घुमारा पुढे यंत्रांनी पुरवायला सुरुवात केली. १९४७ मध्ये शिकागोत बिल पुटनमने एका तोंडी बाजाच्या मेळाचे रेकॉर्डिंग करताना आवाज स्नानगृहात स्पीकरवर वाजवून, तिथल्या फरशांवरून परतलेला आवाज माइकने पुन्हा टिपला. मग मुद्दाम बांधलेल्या घुमाऱ्याच्या खोल्या आल्या. १९५७ मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीने साधारण दोन मीटर लांब, एक मीटर उंच पोलादी पत्रा चौकटीत ताणून टांगला आणि त्याच्या थरथरण्यातून घुमारा काढला. खोली लोखंडाच्या पत्र्यात मावली. पुढे ती चिपमध्ये मावली आणि आता फोनमध्ये मावते.

फीत आणि तिचे कप्पे

खरी उलथापालथ केली ती चुंबकीय फितीने. जर्मनीच्या एईजीने १९३५ मध्ये मॅग्नेटोफोन लोकांसमोर आणला. महायुद्धानंतर जॅक मुलिन या अमेरिकी सैनिकाने त्यातली दोन यंत्रे सुटी करून मायदेशी पाठवली आणि १९४८ पासून अँपेक्स कंपनीची यंत्रे तिथल्या स्टुडिओंत दिसू लागली. फीत कापता येई, जोडता येई, पुसता येई. गिटारवादक लेस पॉलने तिच्यावर स्वतःच्याच वादनाचे थरावर थर चढवले. १९५७ मध्ये त्याला अँपेक्सने आठ ट्रॅकचे यंत्र बांधून दिले. एकाच फितीवर आठ स्वतंत्र कप्पे, आणि आधीचा कप्पा ऐकत पुढचा भरता येण्याची सोय.

याचा अर्थ असा की साखर आता दुधात विरघळत नव्हती, वेगळ्या वाटीत राहत होती. कुणी किती मोठे, कुणी कुठे बसायचे हा निर्णय वादक घरी गेल्यानंतर घेता येऊ लागला. 'मिक्सिंग' नावाचा स्वतंत्र पेशा इथे जन्मला. न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड्समध्ये टॉम डाउडने गोल बटणांच्या जागी सरळ रेषेत सरकणारे फेडर बसवले. गोल बटणे एका हाताने एक अशी फिरतात, फेडर मात्र दहा बोटांनी दहा हलवता येतात. पेटीवर बोटे चालावीत तशी मिक्सरवर चालू लागली. मिक्सिंग हे एक प्रकारचे वादन झाले.

पण कप्प्यांची चटक लागली की ते पुरत नाहीत. १९६७ च्या 'सार्जंट पेपर'साठी लंडनच्या स्टुडिओत बीटल्सकडे चारच ट्रॅकची यंत्रे होती. चार भरले की त्यांचे मिश्रण करून दुसऱ्या यंत्राच्या एका-दोन कप्प्यांत उतरवायचे, मग उरलेल्या कप्प्यांत नवे भरायचे. प्रत्येक उतरवणीत फितीची सळसळ थोडी वाढे आणि आधीचे निर्णय कायमचे गोठत. म्हणजे चार कप्पे हाती असूनही ते मुंबईच्या रेकॉर्डिस्टसारखेच मागचे दोर कापत पुढे जात होते.

फोर्टमधली एक खोली

या दोन जगांची गाठ मुंबईतच पडली, याची आठवण फारशी कोणी काढत नाही. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन एका चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईत आला आणि फोर्टात, सर फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने भारतीय वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केले. 'द इनर लाइट' या गाण्याचे वाद्यसंगीतही याच मुक्कामात झाले. त्यावर त्याचा आवाज फेब्रुवारीत लंडनला चढला आणि मार्चमध्ये तबकडी बाजारात आली.

हॅरिसनने पुढे सांगितले की खोली ध्वनिरोधक नव्हती. संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्या लोकांच्या पायांचा आवाज येई आणि काम थांबवावे लागे. नीट कान दिला तर काही तुकड्यांत रस्त्यावरच्या टॅक्सी ऐकू येतात, असेही तो म्हणाला. लंडनमधले कप्पे इथे नव्हते. जे मिश्रण करायचे ते वाजवतानाच करावे लागले, आणि त्याला त्याची मौज वाटली. त्याला जी गमतीची अडचण वाटली, ती आपल्या लोकांची रोजची पोटापाण्याची रीत होती.

पाच हात

आजही घरच्या संगणकावर गाणे मिसळणाऱ्या मुलाच्या हातात जी मूलभूत साधने असतात ती पाचच. सगळी या इतिहासातूनच आलेली. भजनाचेच उदाहरण घेऊन सांगतो.

पहिले, पातळी. कोण किती मोठा? जाणता माणूस सुरुवातीलाच सगळे मोठे करीत नाही. मुख्य आवाज आधी ठेवतो, मग पखवाज, मग पेटी, मग टाळ. बुवा ऐकू येत नसतील तर बुवांना वाढवण्याआधी पेटी उतरवून बघतो. वाढवत गेलात तर सगळेच ओरडू लागतात.

दुसरे, जागा. अँलन ब्लमलीनने १९३१ मध्ये इंग्लंडात स्टिरिओचे पेटंट मागितले. स्टिरिओ तबकड्या सर्रास बाजारात यायला १९५८ उजाडले. सुरुवातीच्या अनेक तबकड्यांत गाणारे एका कानात, वाजवणारे दुसऱ्या कानात असा प्रकार होता, दोन खोल्यांत विभागलेल्या भांडकुदळ भावांसारखा. हळूहळू रीत ठरली: गळा आणि खर्ज मधोमध, बाकीचे डावी-उजवीकडे. आपल्या मैफलीत वेगळे काय असते? गवई मध्ये, एका अंगाला तबला, दुसऱ्या अंगाला पेटी, मागे तंबोरे.

तिसरे, रंग. याचे इंग्रजी नाव आहे इक्वलायझर, म्हणजे बरोबरी करणारा. लांबच्या तारेवरून येताना टेलिफोनच्या आवाजाचा वरचा भाग झिजे, त्याची भरपाई करून आवाज मुळाबरहुकूम करणे हे त्याचे पहिले काम. पुढे तो छिन्नीसारखा वापरला जाऊ लागला. माणसाचा कान दोन ते चार-पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, शब्दांची धारही तिथेच. पेटीची पट्टी तिथे दाटली तर शब्द बुडतात. अशा वेळी पेटीचा तेवढाच भाग थोडा खरवडायचा. पेटी लहान होत नाही, नुसती सरकून जागा देते.

चौथे, दाब. कॉम्प्रेसर हे यंत्र रेडिओच्या पहारेकऱ्याचे. निवेदक अचानक मोठ्याने बोलला तर प्रक्षेपकावर ताण येऊ नये म्हणून आवाज ठरावीक उंचीच्या वर गेला की ते आपोआप खाली दाबे. मिक्सिंगमध्ये त्याचा उपयोग गाणाऱ्याची कुजबुज आणि आरोळी यांतले अंतर कमी करण्यासाठी होतो, म्हणजे दोन्ही गाण्याच्या मेळात टिकतात. गौहरजानची मागे-पुढे होणारी मान हा माझ्या मते जगातला पहिला कॉम्प्रेसर. पण दाब हे मिठासारखे आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत प्रत्येकाला आपले गाणे शेजाऱ्याच्या गाण्यापेक्षा मोठे हवे झाले आणि सगळेच एकसारखे दाबले जाऊ लागले. सारेच पुढे, म्हणजे कोणीच पुढे नाही. २०१० मध्ये युरोपच्या प्रसारण संघटनेने मोठेपणा मोजण्याचे सामाईक माप ठरवले, ते या स्पर्धेला आळा घालण्यासाठीच.

पाचवे, अवकाश. घुमारा. माणसे कोणत्या खोलीत बसली आहेत? सगळ्यांना एकाच खोलीत बसवायचे की प्रत्येकाला वेगळ्या? एकाच भजनात बुवा गुहेत आणि पखवाज गादीवर, असे झाले की ऐकणाऱ्याला काहीतरी खोटे आहे हे कळते, काय ते सांगता आले नाही तरी.

लेबलावर नसलेली नावे

जुन्या तबकडीच्या लेबलावर गायक असतो, संगीतकार असतो, चित्रपटाचे नाव असते. रेकॉर्डिस्ट नसतो. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्याचे नाव सरकून जाई, ते वाचायला प्रेक्षक जागेवर आलेला नसे. मिनू कात्रक, रॉबिन चटर्जी, कौशिक ही नावे किती रसिकांना ठाऊक असतील? आपण ज्याला त्या काळाचा 'आवाज' म्हणतो तो बऱ्याच अंशी यांच्या कानांनी घडवला. परळच्या राजकमल कलामंदिरातल्या मंगेश देसाई यांची कामगिरी तर आणखी वेगळी. संवाद, संगीत आणि पार्श्वध्वनी यांच्या स्वतंत्र पट्ट्या एकत्र मिसळणे, म्हणजे पूर्ण चित्रपटाचेच मिश्रण, हे त्यांचे क्षेत्र. 'शोले'चे (१९७५) ध्वनिमिश्रण त्यांचे. सत्यजित राय यांच्यासारखा काटेकोर माणूस आपल्या चित्रपटासाठी त्यांच्याकडे येई. मराठीत अभिनेत्यांची आणि गायकांची चरित्रे कपाटभर आहेत. या मराठी माणसाच्या कानावर एखादे जाडजूड पुस्तक असायला हरकत नव्हती.

नाव नसले की हक्कही राहत नाही. नव्वदच्या सुमारास जुन्या गाण्यांवर यांत्रिक ठेका चढवून 'झंकार' नावाने कॅसेटी निघाल्या, तेव्हा गायकांच्या चाहत्यांनी कुरकुर केली. पण ज्याने चार माइकांवर जीव मुठीत धरून तो तोल साधला होता, त्याच्या बाजूने कोणी बोलल्याचे मला आठवत नाही.

'इतर'

आता तर विरघळलेली साखरही वेगळी काढता येते, असे म्हणतात. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये बीटल्सचे 'नाऊ अँड देन' आले. जॉन लेननने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस घरी पियानोवर गाऊन ठेवलेल्या साध्या कॅसेटमधून त्याचा आवाज संगणकाने पियानोपासून सोडवला आणि त्याभोवती नवे गाणे उभे केले. बातमी वाचून माझा मुलगा म्हणाला, "बाबा, आजोबांची कॅसेट द्या."

त्याने मूळ कॅसेट संगणकात घेतली. प्रोग्रॅमने तिच्या चार फायली केल्या: गळा, तालवाद्य, खर्ज आणि 'इतर'. बुवा गळ्यात मिळाले. पखवाज दोन फायलींत विभागला गेला. वडिलांचा आवाज थोडासा बुवांच्या मागे चिकटून आला, बाकीचा टाळांच्या किणकिणाटाबरोबर 'इतर' नावाच्या फायलीत सापडला. स्टुडिओच्या सीडीवर ते का नव्हते, हेही तेव्हा कळले. टाळांचा आवाज आणि फितीची सळसळ दोन्ही वरच्या पट्ट्यातली. सळसळ काढायला गेले की टाळ जातात, आणि टाळांना बिलगून असलेला दारातला माणूसही जातो.

मुलाने विचारले, "पुढे आणू का आजोबांना?" फेडर वर सरकवला की ते बुवांच्या शेजारी येऊन बसले असते. चौदाव्या वर्षी मी तेच मागितले असते. मी त्याला पुढे आणून दाखवायला सांगितले. आवाज मोठा झाला, पण त्याला देऊळ उरले नाही. भिंत नाही, दार नाही, मध्ये बसलेली माणसे नाहीत. कुणीतरी दबक्या खोलीत एकटेच ध्रुपद म्हणत होते. आम्ही दोघांनी ते अर्धा मिनिट ऐकले आणि बंद केले.

बुवांचे वाक्य मला तेव्हा उलगडले. "तिथून येता तेवढेच बरे." खणखणीत गळ्याच्या माणसाला पहिल्या रांगेत बसवला असता तर पखवाजापासून चार हातांवर ठेवलेल्या त्या टू-इन-वनमध्ये दुसरे काही उमटलेच नसते. दाराशी बसवल्यामुळे त्यांचा आवाज सगळ्यांच्या पाठीमागून येऊन सगळ्यांना कवेत घेई. बुवांना डेसिबल ठाऊक नव्हते, पण कुणाचा गळा कुठून यावा हे ठाऊक होते. माझ्या वडिलांना त्यांनी चपलांजवळ बसवले नव्हते. त्यांनी त्यांना मिश्रणात त्यांच्या जागी बसवले होते. वडिलांना हे समजत असावे, म्हणूनच ते हसत.

कॅसेटची एक प्रत आता मी काहीही न पुसता करून ठेवली आहे. सळसळ आहे, खोकला आहे, मध्येच एक कुत्रे भुंकते. आतल्या कागदावर त्या रात्री हजर असलेल्यांची नावे बसण्याच्या क्रमाने लिहिली आहेत, पहिल्या रांगेपासून दारापर्यंत. शेवटी एक ओळ जास्तीची: पाट मावसभावाने ठेवला, बटण मी दाबले.